लवंगेचं गोड भावंड

प्रश्न : माझ्या परफ्यूमला लवंगेसारखा, पण गोडसर वास येतो. खोक्यावरच्या यादीत लवंग नाही, ‘आयसोयुजेनॉल’ आहे. हे लवंगेचंच तेल, की नुसतं केमिकल?

उत्तर : ‘नुसतं केमिकल’ या शब्दावर मी नेहमी अडते. लवंगेच्या तेलातसुद्धा शंभरातले ७० ते ९० भाग एकच केमिकल असतं, युजेनॉल. दातांच्या डॉक्टरांकडे शिरल्या शिरल्या नाकात भरतो तो वास त्याचाच. हे युजेनॉल तीव्र अल्कलीबरोबर तापवलं की त्याच्या रेणूच्या शेपटीतला दुहेरी बंध टोकावरून एक घर आत सरकतो. अणू एक वाढत नाही, एक कमी होत नाही. तयार होतं ते आयसोयुजेनॉल.

एवढ्याशा सरकण्याने वास किती बदलावा! युजेनॉल टोचतं, जरा औषधी वाटतं. आयसोयुजेनॉल मऊ आणि उबदार. लवंग असतेच, पण मागच्या रांगेत. पुढे येतं ते कार्नेशनचं फूल. प्रयोगशाळेत नवी असताना वरिष्ठांनी माझ्यापुढे वास घ्यायच्या दोन कागदी पट्ट्या धरल्या, एकीवर युजेनॉल, दुसरीवर आयसोयुजेनॉल, आणि नावं न सांगता विचारलं, काय आठवतं? पहिल्या पट्टीला मी चटकन ‘दाढ’ म्हणाले, सगळे हसले. दुसरीला काय म्हणावं ते सुचेना. ती पट्टी टेबलावर तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तेव्हाही बोलत होती. या पदार्थाचा चिवटपणा मला तिथे कळला.

खऱ्या कार्नेशनमधून सुगंधी अर्क निघतो, पण फार थोडा आणि फार महाग. म्हणून परफ्यूममधलं कार्नेशन बहुतेक वेळा युजेनॉल, आयसोयुजेनॉल आणि गुलाबाच्या वासाचे पदार्थ जुळवून उभं केलेलं असतं. १९४८ साली आलेल्या नीना रिचीच्या ‘लेर द्यु तां’ या परफ्यूममधलं कार्नेशन प्रसिद्ध आहे. आणि हो, आयसोयुजेनॉल निसर्गातही सापडतं, जायफळात आणि इलांग-इलांग या सुगंधी फुलाच्या तेलात. तुमच्या बाटलीतलं मात्र बहुधा कारखान्यातलंच.

प्रश्न : घरी आणलेलं आयसोयुजेनॉल फिकट पिवळं होतं, आता गडद झालंय. फेकून द्यावं का?

उत्तर : रंगावरून लगेच फेकू नका, आधी वास घ्या. हा फिनॉल जातीचा पदार्थ. हवा लागली की काळवंडतो, आणि लोखंडाचा अंश मिळाला की आणखी लवकर. अर्ध्या रिकाम्या बाटलीत अर्धी हवाच असते, तेव्हा उरलेला माल लहान, गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. पांढऱ्या क्रीममध्ये किंवा साबणात घालणार असाल तर तिथेही डाग पडेल हे धरून चाला. जाता जाता सांगते, हाच पदार्थ मुद्दाम ऑक्सिडीकरण करून तोडला की व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ, मिळतो. लाकडातल्या लिग्निनपासून ते स्वस्तात बनू लागेपर्यंत कारखाने याच वाटेने व्हॅनिलिन काढत.

प्रश्न : मी छंद म्हणून परफ्यूम बनवतो. ५० ग्रॅममध्ये शुद्ध आयसोयुजेनॉलचे ३ थेंब घालतो. मूळ लवंगेचंच, म्हणजे त्वचेला चालायला हरकत नसावी?

उत्तर : हरकत आहे, आणि चांगलीच आहे. युरोपीय संघाच्या नियमांत तोंडात वापरायच्या वस्तू सोडून इतर सौंदर्यप्रसाधनांत आयसोयुजेनॉलची मर्यादा ०.०२ टक्के आहे. कागद-पेन्सिल घ्या. ५० ग्रॅमचे ०.०२ टक्के म्हणजे १० मिलिग्रॅम. ड्रॉपरचा एक थेंब साधारण २५ मिलिग्रॅम भरतो. म्हणजे तुमचा पहिलाच थेंब मर्यादेच्या अडीचपट आणि तिन्ही मिळून साडेसातपट. आधी अल्कोहोलमध्ये १० टक्क्यांचं द्रावण करा. त्याचे ४ थेंब म्हणजे जेमतेम १० मिलिग्रॅम. तेही मोजू नका, तोला. थेंब प्रत्येक ड्रॉपरचा वेगळा असतो.

इतकी कडक मर्यादा कशासाठी? तर हा पदार्थ त्वचेला ‘ओळख’ करून देतो. पहिल्या दहा वेळा काही होत नाही, आणि एकदा शरीराने त्याला शत्रू ठरवलं की पुढे अगदी थोडा लागला तरी पुरळ येतं. त्वचारोगतज्ज्ञ सुगंधांच्या ॲलर्जीसाठी पाठीवर जी मिश्रणाची पट्टी लावतात, त्यातल्या आठ पदार्थांत युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल दोन्ही आहेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हातमोजे घालायचा कंटाळा करून मी आयसोयुजेनॉलचे बीकर उघड्या हातांनी विसळत असे. कित्येक महिने काहीच झालं नाही. मग उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात खाज सुरू झाली. मी ती साबणावर ढकलली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले आणि पाठीला तपासणीच्या पट्ट्या लावून दोन दिवस अंघोळीविना काढले. त्या काढल्यावर डॉक्टरांनी आरसा धरला, तर सगळ्या चौकटी कोऱ्या आणि एकच, आयसोयुजेनॉलची, लालभडक, फोड आलेली. तेव्हापासून मी हा पदार्थ फक्त कागदी पट्टीवर, नाकापासून चार बोटं लांब धरून हुंगते. तुमचा तो तीन थेंबांचा परफ्यूम अंगाला लावू नका. कागदावर शिंपडा, कपाटात ठेवा; वास दुसऱ्या दिवशीही असेल.