दुसरी किल्ली दुसऱ्या छपराखाली

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात सासूबाई (वय ७४) कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेल्या आणि वाऱ्यानं दार आपटून लॅच लागलं. आत गॅसवर दूध! दुसरी किल्ली घरातच, कपाटात. गाडीचीही तिथंच. मग या किल्ल्या ठेवायच्या कुठं? – एक वाचक

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना लॅचचा आतला खटका दाखवा. तो सरकवला की जीभ आतच राहते, दार आपटलं तरी लागत नाही.

आता किल्ल्यांचं. मी ३१ वर्षं बँकेत काढली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, आणि त्यांचा डुप्लिकेट जोड आपल्या शाखेत ठेवतच नाहीत. तो सीलबंद होऊन दुसऱ्या शाखेत जातो. घरी मी तेच धरून चालते. माझी दुसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघराच्या खणात असते, त्यांची माझ्याकडे. ओळखायला तिला लाल बटण ओवलंय. नाव नाही, फ्लॅट नंबर तर नाहीच. कुंडीखाली, चपलांच्या कपाटात, मीटरच्या पेटीत मुळीच ठेवू नका. चोर आधी तिथंच हात घालतो.

किल्ली नवी करून आणलीत तर दार उघडं असतानाच फिरवून बघा. कानस कमी लागली असेल तर ती अर्ध्यात अडते, आणि हे कळायचं ते नेमकं अडचणीच्या वेळी.

गाडीचं थोडं वेगळं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीत चिप असते. रस्त्यावर नुसती कापून घेतलेली किल्ली दार उघडेल, इंजिन सुरू करणार नाही. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली गाडीतल्या खणात कधीच नको. माझी भावाकडे असते. दिवाळीला गेले की तिनंच गाडी सुरू करून बघते. रिमोटचा सेल पडून पडूनही उतरतो. नव्या गाडीच्या किल्ल्यांबरोबर किल्लीचा नंबर कोरलेली पट्टी मिळाली असेल, तर तीही जपून, किल्लीपासून वेगळी ठेवा.

घराची किल्ली कुणाकडे द्यायची ते मात्र सासूबाईंना ठरवू द्या. दुपारी मजल्यावर कोण घरी असतं, हे तुम्हा नोकरीवाल्यांपेक्षा त्यांना ठाऊक.