इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९३ पर्सेंटाइल आहेत, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्ममध्ये आवडीची सात-आठच कॉलेजं टाकली तर चालेल का?

नाही चालणार. आणि "पॉझिटिव्ह राहा, मिळेल" म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नकोस, या एका वाक्यावरून दाजींचं आणि माझं अजून वाजतं.

भाचीला ९४ होते. दाजी एकदम हवेत, जणू शंभरात ९४ मार्क पडलेत. अहो, पर्सेंटाइल आहे ते, ९४ म्हणजे सहा टक्के पोरं तिच्या पुढे. पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या ग्रुपला) तीन लाखांवर पोरं बसतात, म्हणजे पुढे १८ हजार तरी उभी आहेत. एवढंच म्हटलं तर म्हणे "तू पोरीचं खच्चीकरण करतोयस". मग मागच्या वर्षीच्या कटऑफचं पीडीएफ मोबाईलवर उघडून, बोटांनी मोठं करत करत, एका कॉलेजचा कंसातला ८८ मला दाखवला, "हे बघ, आरामात". तो सिव्हिलचा आकडा होता! जरा खाली सरकवलं तर कॉम्प्युटर ९७ ला बंद. कॉलेजचा कटऑफ असं काही नसतंच ना, तो ब्रँचचा असतो, कॅटेगरीचा असतो, राउंडचा असतो. पण ऐकतंय कोण, सहा ऑप्शन टाकले, सहाही कॉम्प्युटर, झाला फॉर्म कन्फर्म.

पहिल्या राउंडला काहीच अलॉट झालं नाही. आणि एका बऱ्या कॉलेजात आयटी तिला सहज मिळत होतं, पण ते लिस्टमध्येच नव्हतं. तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाल्यांनी ते पहिल्या नंबरला टाकलेलं, पहिला प्रेफरन्स लागला की ऑटोफ्रीज, म्हणजे ती सीट त्यांच्या नावावर आपोआप पक्की, पुढच्या राउंडला जाता येत नाही, सीट गेली, मग दुसऱ्या राउंडला मेरिटमध्ये वर असून काय उपयोग. पुढे दुसरीकडे ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मिळालं, शिकतेय छान. पण त्या आठवड्यात पोरगी कुणाचा फोन घेत नव्हती, तेव्हा खच्चीकरण नक्की कुणी केलं हे दाजींनीच सांगावं.

तर तुझ्यापुढे २० हजारांवर आहेत असं धर आणि चाळीस-पन्नास ऑप्शन टाक, ३०० पर्यंत टाकता येतात, कंजूषी कशाला. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशी टॉपची कॉलेजं लिस्टमध्ये वर टाकायची तर खुशाल टाक, त्याने खालच्या ऑप्शनचं काही बिघडत नाही, फक्त तिथल्या कॉम्प्युटरवर जीव लावून बसू नको, ते ९९ च्याही वर जातं. खाली मात्र अशी दहा-बारा हवीत जी मागच्या वर्षी तुझ्या कॅटेगरीत ९० च्या खाली बंद झालीत, आणि जिथे तू खरंच जाशील. नाहीतर टाकूच नको, कारण २०२५ च्या नियमात दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काही लागलं तरी ऑटोफ्रीज होतं.

हां, कटऑफ दरवर्षी थोडा हलतो, होम युनिव्हर्सिटीनेही (तू कुठल्या विद्यापीठाच्या भागातला, यानेही) फरक पडतो. आणि टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या सीट्सचा) कॉलम वेगळा असतो, आकडा बराच वर असतो, तो बघून उगाच घाबरू नको.