एक्स-रे टेक्निशियनचं काम मुलींसाठी धोक्याचं असतं का? दिवसभर नेमकं करायचं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला बारावीनंतर रेडिओग्राफीला प्रवेश मिळतोय, पण मामांनी ‘मुलीच्या जातीला ते काम नको, पुढे मूलबाळ व्हायचं नाही’ असं सांगून घर हादरवून सोडलंय. मी सतरा वर्षं हेच काम करतेय. आधी सरकारी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात, आता एका खासगी सेंटरमध्ये सीटी आणि एमआरआयवर. दोन मुलं आहेत, दोन्ही ठणठणीत, थोरली हल्ली माझी लिपस्टिक पळवते. मामांचं एवढ्यावर समाधान होत असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

होणार नसेल, तर आधी एक कबूल करते. मामांची भीती अगदीच हवेतली नाही. जर्मन शास्त्रज्ञ राँटगेनने १८९५च्या नोव्हेंबरात हे क्ष-किरण म्हणजेच एक्स-रे शोधले तेव्हा ते अंगाला काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अमेरिकन शोधक एडिसनकडे काम करणारा क्लॅरन्स डॅली किरण सोडणारी नळी नीट चालते की नाही ते बघायला स्वतःचाच हात किरणांत धरायचा. आधी त्याचे हात गेले, मग १९०४ साली तो स्वतः. एवढं लांब कशाला, मला शिकवणारे सर तरुणपणी स्क्रीनिंग, म्हणजे किरण चालू ठेवून पडद्यावर हलतं चित्र बघणं, चालू असताना उघड्या हातांनी पेशंटचा मोडलेला हात धरून ठेवायचे. त्यांची नखं शेवटपर्यंत खडबडीत होती. पहिल्याच दिवशी आम्हाला ती नखं दाखवून म्हणाले, हा तुमचा पहिला धडा.

ते दिवस मात्र गेले. आपल्याकडे यावर मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. आमच्यासारख्यांना सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेलं रेडिएशन मोजायचं माप) ही मर्यादा आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर जाता येत नाही. माती, हवा, खाणंपिणं आणि आकाशातून येणारं मिळून घरी बसलेल्या माणसालाही जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. आणि माझे रिपोर्ट? बहुतेक तिमाह्यांना शून्य, मधूनच एखाद्या वेळी शून्य पॉइंट काहीतरी.

हे मोजतात ते टीएलडी बॅजने. आगपेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, आत तीन चकत्या. तो छातीवर, लेड एप्रनच्या म्हणजे किरण अडवणाऱ्या शिशाच्या अंगरख्याच्या आत लावायचा आणि दर तीन महिन्यांनी तपासायला पाठवायचा. आमच्या एका सहकाऱ्याने एकदा एप्रन काढला तो बॅजसकट, आणि एक्स-रेच्या खोलीतच खुंटीला टांगून ठेवला. तीन महिने खुंटीने रेडिएशन खाल्लं, रिपोर्ट मात्र त्याच्या नावावर आला. मग चौकशी, लेखी खुलासा, रक्ताची तपासणी, घरी बायकोचं रडणं. तुमच्या बहिणीला बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, बॅज खोलीत ठेवायचा नाही एवढं आठवू दे.

दिवस राहिले तर लगेच विभागप्रमुखांना लेखी कळवायचं. गर्भासाठी मर्यादा वेगळी आहे आणि फार कडक आहे, त्यामुळे काम बदलून मिळतं. मी दोन्ही वेळा सासूबाईंच्या आधी इन्चार्जना सांगितलं. पुढचे महिने नोंदणी आणि प्रिंटिंगच्या टेबलावर काढले. वॉर्डात ढकलत न्यायचं पोर्टेबल मशीन, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारा थिएटरमधला सी-आर्म, सगळं बंद. सी-आर्मच्या बाबतीत मी अजूनही जपूनच असते. तिथे आपण पेशंटपासून दोन हातांवर उभे असतो आणि किरण पेशंटच्या अंगावर आपटून चहूकडे उडतात. दोन पावलं मागे सरकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते. नवीन मुलं मात्र हाडाचे डॉक्टर काय करताहेत ते बघायला वाकून पुढे जातात.

आणखी एक गैरसमज. सरकारी रुग्णालयात आमच्या सफाईच्या मावशी एक्स-रे काढल्यावर अर्धा तास खोलीत पाय ठेवायच्या नाहीत, ‘अजून आत असंल ते’ म्हणून. मी त्यांना दिवा लावून, बंद करून दाखवला आणि विचारलं, मावशी, आता उजेड कुठे उरलाय? बटण सोडलं की किरण संपतात. भिंतीत, गादीवर, पेशंटच्या अंगात काही साठून राहत नाही. मावशींना ते पटलं, पण झाडायला त्या दहा मिनिटांनीच आल्या.

तर रेडिएशनचं हे असं आहे. या कामात माझं काही झिजलं असेल तर ती कंबर. अपघातातला ऐंशी किलोचा माणूस स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायचा, त्याच्या पाठीखाली कॅसेट, म्हणजे फिल्मची चपटी पेटी, सरकवायची, तीही तो ओरडत असताना. वॉर्डबॉय हाकेला येईलच असं नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीखाली सापडलेले, मोळी घेऊन पडलेले, एकेका रात्री चार-पाच जण यायचे. लेड एप्रन चार-पाच किलोचा, तो खांद्यावर वेगळाच. शाळेत तिची पाठ दुखायची का हे विचारा. हा प्रश्न मामांनी विचारायला हवा होता.

आता रोजचं काम. लोकांना वाटतं आम्ही बटण दाबतो. बटण दाबायला सेकंदाचा काही भाग लागतो, त्याआधीची पाच मिनिटं म्हणजे नोकरी. साधा छातीचा एक्स-रे घ्या. पेशंट नळीकडे पाठ करून उभा राहतो, छाती कॅसेटला टेकलेली, नळी सहा फुटांवर. समोरून काढला तर हृदय उगाच मोठं दिसतं. हात कमरेवर, कोपर पुढे, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला होतात. मग पूर्ण श्वास घेऊन रोखायचा. हे ‘श्वास रोखा’ प्रकरण पुस्तकात एका ओळीत संपतं. प्रत्यक्षात आजी श्वास रोखतात म्हणजे तोंड घट्ट मिटतात आणि नाकाने चालूच ठेवतात. आमच्या भागात ‘श्वास’ म्हटलेलं अर्ध्यांना कळायचं नाही, ‘दम धरा’ म्हटलं की कळायचं. आणि ‘सोडा’ म्हणायला विसरलात तर बिचारे निळे पडेपर्यंत उभे राहतात. एका आजोबांच्या बाबतीत मी विसरले होते. ते मला अजूनही बाजारात भेटले की ‘सोडू का आता?’ असं विचारतात.

दागिन्यांचा विषय तर रोजचाच. ताईत, काळा दोरा, गळ्यातली पोत, सगळं चित्रात उमटतं. मंगळसूत्र काढा म्हटलं की निम्म्या बायका ठाम नकार देतात, आणि मला त्यात वाद घालावासा वाटत नाही. छातीच्या फिल्मला ते वर उचलून दातांत धरायला सांगायचं, काम होतं. मानेच्या फिल्मला मात्र काढावंच लागतं. मग मी म्हणते, मावशी, माझ्या हातात नको, तुमच्या यजमानांच्या हातात द्या. लगेच देतात. वेणीचं तर विचारूच नका. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुप्फुसाच्या वरच्या टोकावर अशी सावली पाडते की टीबीचा संशय यावा. माझ्या पहिल्या महिन्यात मी अशी एक फिल्म पाठवली होती. डॉक्टरांनी मुलीला परत बोलावलं, वेणी वर बांधून दुसरी काढली, फुप्फुसं स्वच्छ. त्या मुलीचे आईवडील दोन तास बाहेर बाकावर कसे बसले होते ते मी पाहिलं होतं. तेव्हापासून माझ्या खिशात रबरबँड असतात.

मुलगी म्हणून या कामात एक फायदाही आहे, आणि तो पेशंटचा. पोट, कंबर, ओटीपोटाचा एक्स-रे काढण्याआधी लग्न झालेल्या-न झालेल्या प्रत्येक तरुणीला पाळीची तारीख विचारावी लागते. बरोबर सासू असते, भाऊ असतो, कधी सासरा असतो. त्यांच्यासमोर खरं उत्तर मिळत नाही. मी ‘कपडे बदलायला चला’ म्हणून तिला एकटीला आत घेते, दार लावते आणि मग विचारते. एकदा एका मुलीने मान खाली घालून बोटांवर मोजलं, परत मोजलं, आणि रडायला लागली. एक्स-रे काढला नाही, डॉक्टरांशी बोलून सोय केली, बाहेर मशीन बंद पडल्याचं सांगितलं. खोटं बोलले, पण परत वेळ आली तर परत बोलेन.

डिजिटल मशीनमुळे काम सोपं झालं, सवयी मात्र बिघडल्या. आमच्या वेळी डार्करूम होती. लाल दिवा, डेव्हलपर, फिक्सर, हातांना तो वास. एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळीठिक्कर, चोरी लगेच पकडली जायची. आता उलट आहे. कमी दिलं तर चित्र दाणेदार दिसतं आणि डॉक्टर ओरडतात, जास्त दिलं तर कॉम्प्युटर सगळं सावरून घेतो आणि चित्र आणखी छान दिसतं. त्यामुळे आळशी टेक्निशियन सगळ्यांनाच थोडं जास्त देतो आणि कुणाला कळत नाही. पेशंटला तर नाहीच. चांगला टेक्निशियन ओळखायचा तो इथे. लहान मुलासाठी तो मशीनवरचे मात्रेचे आकडे खाली आणतो का, आणि हवा तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी झाकतो का?

सगळ्यात जड काय जातं ते सांगते. आम्हाला आधी दिसतं, आणि बोलायचं नसतं. रिपोर्ट देणं डॉक्टरांचं काम. त्यांना जे कळतं ते आम्हाला कळतंच असंही नाही, पण सतरा वर्षांत डोळे तयार होतातच. पेशंट टेबलावरून उठता उठता विचारतो, ‘मॅडम, काय दिसतंय?’ आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, आमच्याकडे एचआरसीटीची म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटीची रांग रस्त्यापर्यंत जायची. सरकारने दर बांधून दिले होते तरी रांग हटत नव्हती. प्रत्येकाला एकच आकडा हवा होता, पंचवीसपैकी स्कोअर किती, म्हणजे फुप्फुसं किती बिघडलीत. त्यात काहींना खरं तर सीटीची गरजच नव्हती, साध्या तापात तीन-तीनदा काढून गेलेले लोक मी पाहिलेत. एका सीटीत छातीच्या साध्या एक्स-रेच्या कित्येक पट मात्रा जाते हे ऐकायच्या मनःस्थितीत तेव्हा कुणी नव्हतं. एक चाळिशीचा माणूस स्वतः चालत आला, टेबलावर स्वतः झोपला. स्क्रीनवर दोन्ही फुप्फुसं जवळजवळ पांढरी होती. तो उठून पायात चपला घालत म्हणाला, ‘फार नाही ना? बायको खाली गाडीत बसलीय.’ मी म्हटलं, डॉक्टर सांगतील, तुम्ही चालू नका, खुर्ची आणते. खुर्ची आणायला गेले ती भिंतीआड दोन मिनिटं उभीच राहिले.

एमआरआयला रेडिएशन नाही, म्हणून घरचे ‘तिकडेच जा’ म्हणतील. तिथे दुसरीच भीती आहे. एक्स-रे बटण सोडलं की संपतो, चुंबक मात्र रात्रंदिवस चालूच असतं, स्कॅन चालू असो वा नसो. २०१८च्या जानेवारीत मुंबईत पेशंटचा एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि जिवाला मुकला. तेव्हापासून मी दारात अक्षरशः आडवी उभी राहते. व्हीलचेअर, कात्री, मोबाइल, केसातली पिन, काहीच आत सोडत नाही. लोक रागावतात. रागावू देत.

सोनोग्राफीबद्दल विचारलंय, तर ते तिच्या कामात येणार नाही. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे नोंदणी केलेल्या डॉक्टरांनीच ती करायची असते. कुठल्या कॉलेजने ‘सोनोग्राफीही शिकवू’ म्हटलं तर तिथूनच परत फिरा.

कोर्सचं एवढंच. गल्लोगल्ली वर्षभराचे डिप्लोमे विकणारे क्लास आहेत, त्यांच्या नादी लागू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी कॉलेज संलग्न आहे का ते बघा. २०२१च्या केंद्रीय कायद्यानंतर या पेशाची नोंदणी होणार आहे, तेव्हा कागद पक्का हवा. स्वतःचं रुग्णालय आहे का, त्यात सीटी आहे का, विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज देतात का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला उत्तर देताना कुणी अडखळलं तर मला पुढचं ऐकायची गरज वाटत नाही. पगार सुरुवातीला खासगीत कमीच असतो. माझा पहिला साडेचार हजार होता, आणि त्यात रात्रपाळीही होती.

आणि प्रवेशाआधी बहिणीला एकदा जवळच्या सिव्हिलमध्ये नेऊन एक्स-रेच्या बाहेरच्या बाकावर तासभर बसवा. सोमवारी सकाळी दहाला न्या, ओपीडीची खरी गर्दी तेव्हाच असते.