कार सीटमध्ये बाळ रडते, म्हणून मांडीवर घ्यावे का?

“बाळ कार सीटमध्ये बसायलाच तयार नाही. पट्टा लावला की आकांत मांडतं आणि मग मांडीवर घ्यावंच लागतं.” पणजीतल्या माझ्या समुपदेशन कक्षात कार सीटबद्दलची, म्हणजे लहान मुलांसाठी गाडीत बसवायच्या वेगळ्या सुरक्षा सीटबद्दलची, ही तक्रार इतक्या आईवडिलांनी मांडली आहे की आता पहिले दोन शब्द ऐकताच पुढचे वाक्य मला कळते. कोणीही केवळ या एका कारणासाठी माझ्याकडे येत नाही. कोणी बाळंतपणानंतरच्या थकव्यासाठी येते, कोणी घरातल्या कुरबुरींसाठी, आणि बोलता बोलता गाडीतल्या मागच्या सीटवरचा हा प्रसंग हळूच पुढे येतो. त्यामागे प्रश्न एकच असतो: रडणाऱ्या लेकराला बांधून ठेवणारे आम्ही निष्ठुर आहोत का?

मी नातेसंबंधांच्या अंगाने काम करणारी समुपदेशक आहे. घरात एखाद्या वस्तूवरून वारंवार वाद होत असेल, तर तो वाद बहुतेक वेळा त्या वस्तूचा नसतो, हे माझे मत अनेक वर्षांच्या कामातून पक्के झाले आहे. कार सीटच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण सर्वांची मने जुळली आणि पट्टा सैलच राहिला, तर बाळाच्या दृष्टीने काहीही साधलेले नसते. म्हणून या विषयावर बोलताना मी माणसांइतकेच पट्ट्या-बकलांबद्दलही बोलते. पुढील कुटुंबाचे ओळख पटवणारे तपशील मी बदलले आहेत.

फोंड्याचे एक तरुण जोडपे सतत होणाऱ्या भांडणांमुळे आले होते. मुलगा चौदा महिन्यांचा, वजन दहा किलोच्या आसपास. दोघेही नोकरी करणारे असल्यामुळे रविवार आणि सणवार नातेवाइकांकडे जाण्यात जात. गाडी नवरा चालवी, शेजारी बायको, मागे बाळ आणि आजी. सीट कन्व्हर्टिबल प्रकारची, म्हणजे आधी बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवून आणि पुढे मूल मोठे झाल्यावर तीच सीट वळवून पुढच्या बाजूला तोंड करून वापरता येणारी होती.

“बाळ रडायला लागलं की आई म्हणतात, कैद्यासारखं बांधून ठेवलंय पोराला,” ती सांगत होती. “हा गप्प. मी सारखी मागे वळून बघते आणि शेवटी मीच म्हणते, घ्या आई, मांडीवर.”

नवऱ्याने खाली बघत उत्तर दिले, “समोर ट्रक, रस्त्याला खड्डे आणि मागून ते रडणं. वाटतं, एकदाचं घ्या बाबा त्याला.”

“मांडीवर घेतल्यावर सगळ्यात आधी कोण शांत होतं?” मी विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मी.”

हे उत्तर प्रामाणिक होते आणि अनेक घरांतले खरे उत्तर तेच असते. बाळाचे रडणे ऐकत राहणे मोठ्यांना असह्य होते, आणि त्यात गैर काही नाही; आपल्याला तसेच घडवलेले आहे. परंतु जवळ असलेल्या, शांत आवाजात बोलणाऱ्या माणसाच्या सोबतीत थोडा वेळ रडलेले बाळ टाकून दिल्यासारखे होत नाही. बाळाला आधार मिळतो तो माणसाच्या सोबतीने आणि त्याच्या स्थिरपणाने. पट्ट्याने तो आधार तुटत नाही. सीटमध्ये बसायचे की नाही, हा प्रश्न रोज नव्याने तडजोडीला ठेवला, तर मात्र मूल प्रत्येक वेळी तो सोडवून पाहणारच.

गणितही मी त्यांच्यापुढे ठेवले. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे मूल सुमारे 140 किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढले जाते. इतके वजन कोणाच्याही हातांत राहत नाही, मग ते हात कितीही मायेचे असोत. आपल्याच पट्ट्यात बाळालाही गुंडाळून घेण्याची पद्धत तर आणखी घातक आहे, कारण धडकेत मोठ्या माणसाचे सगळे वजन बाळावर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार योग्य बसवलेली व योग्य वापरलेली सीट तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू साधारण 70 टक्क्यांनी कमी करू शकते. कायद्याचा मुद्दा नवऱ्याला ठाऊक होता: मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194 ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. परंतु दंडाच्या भीतीने लावलेला पट्टा पोलीस दिसेनासे होताच सुटतो, त्यामुळे मी त्यावर फार वेळ घालवला नाही.

पुढच्या भेटीत आजी आल्या. नीटनेटक्या, मोजके बोलणाऱ्या, केसांत अबोलीचा वळेसर. सुरुवातीला त्या सुनेकडे न पाहता माझ्याशीच बोलत होत्या. “माझी दोन्ही मुलं याच मांडीवर वाढली. फोंड्याहून पेडण्यापर्यंत कदंबा बसमधून मी यांना मांडीवर घेऊन गेले आहे. आता मांडी धोक्याची झाली.” थोड्या वेळाने, आवाज उतरवून, त्यांनी विचारले, “म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं करत आले का?”

खोलीतली तीनही माणसे माझ्याकडे पाहत होती. “नाही, आजी,” मी म्हटले. “तेव्हा बसमध्ये मांडीपेक्षा चांगलं काही नव्हतंच. होतं त्यातलं सगळ्यात चांगलं तुम्ही मुलांना दिलंत. आज त्याहून चांगलं घरात आहे, आणि नातवाला ते देणाऱ्यांत तुम्हीही आहात.”

त्यांनी पदर सारखा केला, सुनेकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “मग त्यात माझं काम काय?”

या प्रश्नापाशी मी मुद्दाम थांबते, कारण माझ्या दृष्टीने सारे प्रकरण तिथे उलगडले. आजींचा विरोध सीटला नव्हताच. गाडीत बाळ सांभाळणे हे त्यांचे मानाचे काम होते, आणि एका वस्तूने ते काढून घेतले होते. शिवाय काढून घेताना त्यांचे आजवरचे करणे धोकादायक ठरवले होते. अशा माणसाला पुस्तकी माहिती कितीही दिली तरी ती कानाआड जाते. मान आधी परत द्यावा लागतो, माहिती त्यानंतर आत शिरते. पुष्कळ घरांत मी हा क्रम लावून पाहिला आहे आणि तो फळाला आला आहे, हे मी समाधानाने नोंदवते.

त्यांना काम दिले ते पट्टा तपासण्याचे. आम्ही सारे अंगणात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेलो. पहिला वाढदिवस झाल्याबरोबर कोणीतरी सांगितल्यावरून सीट पुढे तोंड करून बसवली होती. बाळाच्या पाठीमागे बाजारातून वेगळी आणलेली जाड उशी होती, एका पट्ट्याला पीळ पडला होता, आणि खांद्याचे पट्टे खांद्यांच्या बऱ्याच खालच्या फटींतून आलेले असल्यामुळे घट्ट करताच ते बाळाचे खांदे खाली दाबत. इतक्या अडचणीत कोणीही रडले असते. उशी काढली, कारण सीटसोबत न आलेली उशी धडकेत दबते आणि पट्टा आपोआप सैल होतो. सीट पुन्हा मागे तोंड करून बसवली. तशा स्थितीत खांद्याचे पट्टे खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवेत. मग बाळाला बसवून पट्टा आवळला आणि आजींना सांगितले की गळ्याखालच्या हाडापाशी पट्टा उभा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे.

पहिल्यांदा घडी आली. दुसऱ्यांदाही आली. तिसऱ्यांदा आजींची बोटे पट्ट्यावरून नुसतीच घसरली. रोज वळेसर करताना दोरा किती ताणायचा हे ज्या बोटांना न पाहता कळते, त्या बोटांना हे शिकवायला वेळ लागला नाही. मग त्या बाळाशेजारी बसल्या आणि एक गोष्ट सर्वांच्याच लक्षात आली: मागे तोंड केलेल्या बाळाला शेजारी बसलेली आजी समोरच दिसत होती. “हे बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आता माझ्याकडे तोंड आहे त्याचं.”

तरी पुढच्या रविवारी बाळ रडलेच. ठरल्याप्रमाणे नवऱ्याने सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घेतली, बाळाला बाहेर काढले, लंगोट बदलला, पाणी दिले, पुन्हा बसवले, आजींनी चिमटी घेतली आणि मगच गाडी निघाली. चालत्या गाडीत बकल उघडायचे नाही, हा एकच नियम घरात अढळ ठेवायला मी सांगितले होते. बाकी सगळे सौम्यपणे करावे. काही दिवस सीट घरातच जमिनीवर ठेवून बाळाला खेळता खेळता तिच्यात बसू द्यावे, सुरुवातीच्या फेऱ्या छोट्या ठेवाव्यात, आणि रडण्याचे कारण शोधावे: ऊन डोळ्यांवर येते का, पोट भरल्याबरोबर निघालो का, बकल तापले आहे का. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीतले धातूचे बकल चटका देण्याइतके तापते. गाडी उभी असताना सीटवर फिकट कापड टाकावे आणि बसवण्याआधी स्वतःचा हात लावून पाहावा. मूल झोपले म्हणून त्याला दोन मिनिटेही बंद गाडीत एकटे ठेवू नये.

नवी सीट घेणाऱ्यांना मी किमतीपेक्षा तीन गोष्टी आधी पाहायला सांगते. सीटवर एआयएस 072 हे भारतीय किंवा आर 44, आर 129 ही संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा मानके, यांपैकी एकाची खूण असावी. ती आपल्या गाडीत खरोखर बसते का, हे दुकानातच बसवून पाहावे. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवण्याच्या, दोन लोखंडी कड्या आहेत का, हे हाताने चाचपावे. नसतील तर गाडीच्या पट्ट्याने बसवता येणारी सीट घ्यावी. कोणत्याही पद्धतीने बसवली तरी जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवल्यास ती अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकता कामा नये. समोर चालू एअरबॅग असलेल्या जागी मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नये, कारण उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागेच आदळते. तान्ह्या बाळासाठी सीट पुरेशी कललेली हवी, नाहीतर मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होतो. नात्यातून आलेली जुनी सीट अपघातातून गेलेली नाही आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नाही, याची खात्री नसेल तर ती प्रेमाने नाकारावी.

शेवटच्या भेटीत नवऱ्याने विचारले, “मग पुढे तोंड करून कधी बसवायचं? आता तर त्याचे पाय मागच्या सीटला टेकतात.”

पाय टेकणे हे कारण नव्हे. मुले ते सहज दुमडून बसतात. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान कोवळी असते, आणि समोरून धडक बसल्यावर मागे तोंड असलेल्या मुलाचे डोके, मान व पाठ तिन्ही सीटच्या पाठीत सामावून घेतली जातात. आर 129 मानक किमान 15 महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवायला सांगते, तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2018 मध्ये वयाची अटच काढून, सीटची उंची-वजनाची मर्यादा भरेपर्यंत तसेच बसवावे असे म्हटले आहे. त्यामुळे वाढदिवस न पाहता सीटवरचे लेबल पाहायचे. मर्यादा खरोखर ओलांडली की सीट वळवायची, आणि त्याच दिवशी खांद्याचे पट्टे खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित वर आणायचे, सीटला वरचा टेदर पट्टा, म्हणजे सीटचा वरचा भाग गाडीला जखडणारा पट्टा, असेल तर तो गाडीच्या कडीत अडकवायचा, आणि आजींनी पुन्हा चिमटी घ्यायची.