पेनकिलर आणण्याआधी स्ट्रिपची मागची बाजू वाच
अगं, सासूबाईंना वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, चालू आहे ना, मग गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून अशीच पेनकिलर आणू नकोस, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक त्यासोबत घेतलं तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. माझ्या बाबांना शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं तेव्हा आम्हाला कळलं, फार घाबरलो होतो गं. ब्रँडच्या नावावर जाऊ नकोस, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते बघ, सर्दीच्या गोळीतपण बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच आणि मग डबल डोस होतो. सगळ्या स्ट्रिप्स, काढे-चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेव. आणि वॉरफरिन स्वतःहून बंद करू नकोस हं.