वाचक विचारतात: फुटपाथच्या मीटिंगला जाताना मेजरिंग टेप न्या

प्रश्न: आमच्या वॉर्डात रस्ते आणि फुटपाथच्या देखभालीबद्दल नागरिकांच्या सूचना मागवल्यात, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. मागच्या वेळी सगळे आपापल्या गल्लीतले खड्डे सांगत बसले, साहेब "नोंद घेतली" म्हणाले, चहा झाला, संपलं. ह्यावेळी काय बोलावं म्हणजे काहीतरी हाती लागेल? (एका सोसायटीचे सेक्रेटरी)

उत्तर: खड्ड्यांची यादी नका नेऊ, मापं न्या. "फुटपाथ चांगला करा" ह्या वाक्याला कुठलाही इंजिनिअर हो म्हणतो कारण त्यात त्याला बांधून ठेवणारं काहीच नसतं, पण "चालायला मोकळी जागा १.८ मीटर हवी, इथे ती ७० सेंटीमीटर आहे" असं म्हटलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं. हा १.८ मीटर मी मनानं सांगत नाहीये, रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ ह्या नियमावलीत किमान तेवढी रुंदी दिलीय, शिवाय कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं, म्हणजे फांद्या, बोर्ड, दुकानांचे पत्रे सगळं त्याच्या वर.

रविवारी सकाळी दोघा-तिघांनी मिळून सोसायटीच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत टेप घेऊन चाला. डीपी बॉक्सपाशी किती जागा उरते, चेंबरचं झाकण किती बोटं वर आलंय, पेव्हर ब्लॉक कुठे हलतात, सगळं लिहा आणि प्रत्येक ठिकाणी टेप धरून फोटो काढा. एक गोष्ट मुद्दाम बघा, सोसायट्यांच्या गेटसमोर. गाडी आत नेता यावी म्हणून प्रत्येक गेटला फुटपाथ खाली उतरवलेला असतो, दहा पावलं चाललं की उतरा, परत चढा, आणि म्हातारी माणसं वैतागून शेवटी रस्त्यावरूनच चालतात. खरं तर फुटपाथ सलग एका पातळीत ठेवून गाडीसाठी कडेला छोटा रॅम्प द्यायचा असतो. ह्यात आपल्या सोसायटीचं गेटसुद्धा येतं बरं का, तेव्हा आधी स्वतःच्या कमिटीत बोलून घ्या.

दुसरी मागणी वेळेची. तक्रार आल्यावर खड्डा किती तासांत बुजवणार, बुजवलाय हे कोण बघणार आणि परत उखडला तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार, ही तीन उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, मीटिंग संपायच्या आत वाचून दाखवायला सांगा आणि नंतर त्याची कॉपी मागा. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीनं १० वर्षं खड्डा पडणार नाही अशी लेखी हमी देऊन तो केला आणि पुढे कित्येक दशकं तो टिकला. हमी करारात होती, भाषणात नव्हती. म्हणून मीटिंगमधलं जे काही ठरेल ते टेंडरच्या अटींमध्ये जाणार का, हे विचारल्याशिवाय उठू नका.

प्रश्न: नवीन डांबरीकरण झालं आणि महिन्याभरात केबलवाल्यांनी खोदलं. वरून माती टाकून गेले, पहिल्या पावसात तिथं घळ पडली. सूचना द्यायच्या तरी कोणाला? (एक दुकानदार)

उत्तर: घळ पडणारच, कारण चर एका दमात भरला. थोडं भरायचं, दाबायचं, परत भरायचं अशी पद्धत आहे, ती पाळली नाही की पाणी मुरून माती बसते आणि वरचं डांबर तुटतं. खोदायची परवानगी देताना रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे घेतले जातात, तेव्हा हे पैसे भरले का आणि दुरुस्ती कोणाकडे आहे हे माहिती अधिकारात विचारा, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. त्याच अर्जात मूळ रस्त्याचा डीएलपी, म्हणजे दोषदायित्व कालावधी, कधी संपतो तेही विचारा. तो चालू असेल तर मूळ कामातले दोष ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचे असतात, आणि हे लोकांना माहीत नसल्यामुळे एकाच रस्त्यावर परत परत आपलेच पैसे खर्च होतात, ह्याचा मला खरंच राग येतो. मीटिंगमध्ये मात्र एकच मागा: पाणी, ड्रेनेज, वीज, केबल ह्या सगळ्यांची वर्षभराची खोदाई आधी जाहीर करा, मगच डांबर टाका.

प्रश्न: फेरीवाले हटवले तर फुटपाथ आपोआप मोकळा होईल, हे कोणीच का बोलत नाही? (एक वाचक)

उत्तर: बोलतात की, प्रत्येक मीटिंगला. पण भाजीवाली हटली की तिथे दुचाक्या लागतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे कोणी कुठे बसायचं हे नगर पथविक्रेता समितीनं ठरवायचं असतं आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात. चालायची पट्टी रंगानं आखा, तिच्या बाहेर त्यांची जागा आखा, आणि त्या मीटिंगला त्यांनाही बोलवा.

प्रश्न: मी ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. मीटिंग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्यासारख्यांनी काय करायचं? (एक आजी)

उत्तर: आजी, खरं तर तुमचंच म्हणणं सगळ्यात आधी ऐकायला हवं, फुटपाथ तुमच्यामुळेच तपासून निघतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पादचाऱ्यांचा फुटपाथचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तुम्ही लेखी द्या. "मीटिंग तळमजल्यावर घ्या, नाहीतर अधिकाऱ्यांनी आमच्याबरोबर बाजारापर्यंत चालत पाहणी करावी" एवढं लिहिलं तरी पुरे, मी तर म्हणेन हॉलमधल्या मीटिंगपेक्षा ती पाहणीच जास्त कामाची. पुण्यात राहत असाल तर महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात, २००६ पासून ही सोय आहे, तिथे तुमच्या रस्त्याचा रॅम्प सुचवा, उतार १ ला १२ असा लिहा, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. अर्ज नातवाकडून पाठवलात तरी चालेल, फक्त आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेऊन यायला सांगा.