‘रेडीनेस’ला तत्परता म्हणावे की सज्जता?

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी त्या मराठी प्रश्नावली करत आहेत. वसाहतीतली माणसे डिजिटल सोयींचा फायदा घ्यायला कितपत तयार आहेत, हे त्यांना पाहायचे आहे. हाताशी असलेल्या इंग्रजी नमुन्यात ‘डिजिटल रेडीनेस’ आहे. त्याला कुणी ‘तत्परता’ सुचवली, कुणी ‘सिद्धता’.

ताई, ‘तत्परता’ नको. त्यात उत्साह आणि चपळाई आहे, साधनांचा पत्ता नाही. यूपीआय शिकायला आतुर असलेल्या आजोबांकडे बटणांचा साधा फोन असेल, तर ते तत्पर आहेत, सज्ज नाहीत. ‘सिद्धता’ या अर्थाने छान रुळलेली होती, पण शाळेत भूमिती शिकलेल्याला आता त्या शब्दाने आधी प्रमेय आठवते. ‘सज्जता’ घ्या. ‘आपत्ती सज्जता’मुळे तो कागदोपत्री ओळखीचाही झाला आहे.

मोजणाऱ्यांनीही या शब्दाला नेमका अर्थ दिला होता. माहिती तंत्रज्ञानाचा फायदा घ्यायला कोणता देश किती सज्ज आहे, हे मोजणारा ‘नेटवर्क्ड रेडीनेस इंडेक्स’ (निर्देशांक) जागतिक आर्थिक मंचाने २००१-०२पासून काढला. त्याच्या २०१२च्या मांडणीत वातावरण, सज्जता, वापर आणि परिणाम असे चार भाग होते. सज्जतेत पायाभूत सोयी, परवडणारे दर आणि लोकांची कौशल्ये मोजली जात. प्रत्यक्ष वापर वेगळा. ही फोड मला फार मोलाची वाटते. ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत, म्हणून त्यांच्या शेजारी राहणारी आजी आपोआप सज्ज ठरत नाही. २०१९पासून हा निर्देशांक पोर्टुलान्स इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था नव्या मांडणीत काढते. त्यात तंत्रज्ञान, माणसे, कारभार आणि परिणाम हे चार खांब आहेत.

मात्र ‘सज्जता’ शीर्षकापुरतीच ठेवा. प्रश्नांत तो शब्द आला की लोक परीक्षेला बसल्यासारखे उत्तर देतील. तिथे ‘तयारी’ही जपून वापरा, कारण मराठीत तिचे पदर बरेच आहेत. ‘माझी तयारी आहे’ म्हणजे माझी हरकत नाही; ‘लग्नाची तयारी’ म्हणजे सामानसुमान आणि धावपळ; गवयाची ‘तयारी’ म्हणजे रियाजातून आलेली सफाई. ‘ऑनलाइन व्यवहारासाठी तुमची तयारी आहे का?’ याला एकजण होकार देईल तो इच्छेने, दुसरा देईल तो सरावाने, आणि तुमच्या तक्त्यात दोघे एकाच रकान्यात बसतील. म्हणून सरळ विचारा: स्मार्टफोन स्वतःचा आहे का? दर महिन्याचे रिचार्ज परवडते का? कुणाच्या मदतीशिवाय वीजबिल भरता येते का? फसवणुकीचा फोन आला तर काय करायचे, ते ठाऊक आहे का?

जाता जाता, गुण आणि क्रमांक यांची गल्लत सर्रास दिसते. २०२४च्या निर्देशांकात १३३ अर्थव्यवस्थांमध्ये भारताचा क्रमांक ४९वा होता आणि गुण ५३.६३, २०२३मध्ये क्रमांक ६०वा होता. ‘निर्देशांक ४९वर आला’ असे लिहिणे चूक आहे. निर्देशांक म्हणजे अनेक निर्देशकांचे गुण एकत्र करून काढलेला आकडा, क्रमांक म्हणजे त्या गुणांवरून ठरलेली जागा. तुमच्या कामाला यांपैकी काहीच लागत नाही. एका वसाहतीतल्या उत्तरांना ‘डिजिटल सज्जता पाहणी’ म्हणा, ते पुरेसे आणि खरे आहे.